न शिकवितां घातलेला कित्ता

पाठासाठीं शास्त्रभाग: गलतीकरांस पत्र २:११–१४. सोबत वाचावें: नीतिसूत्रें २२:२४–२५, १ करिंथ. ११:१, १ पेत्र २:२१.



सेमिनरींत ज्या गुरुजींनीं मला उपदेश करण्याचें शिक्षण दिलें, त्यांना एक संवय होती. महत्त्वाचें वाक्य बोलण्यापूर्वीं ते क्षणभर थांबत, उजव्या हाताचें बोट वांकवून नाकावरचा चष्मा वर सारीत, आणि मग बोलत. मला दीक्षा मिळून सात वर्षें झालीं होतीं, तेव्हां एके रविवारीं जेवतांना माझ्या पत्नीनें विचारलें, "उपदेश करतांना तुम्ही नाकाला हात कां लावतां?" मीं म्हटलें, मी लावीत नाहीं. पुढच्या रविवारीं तिनें मोजलें, नऊ वेळां. मला तेव्हां चष्मा नव्हता.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती तर ती हंसण्यापुरती होती. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या विभागांतील एका तरुण उपदेशकाचा उपदेश ऐकावयास मी मागच्या बांकावर बसलों होतों. त्यानें गुरुजींना कधीं पाहिलेलें नाहीं. तो शिकावयास येण्यापूर्वींच ते प्रभूमध्यें निजले. मुख्य वाक्य आलें, तो थांबला, आणि त्याचें वांकविलेलें बोट नाकाकडे गेलें. त्याच्याही नाकावर चष्मा नव्हता.

गुरुजींचीं किती वचनें मीं वहींत उतरून घेतलीं होतीं, आणि त्यांतलीं आतां किती आठवतात, हें सांगावयास मला संकोच वाटतो. जें त्यांनीं शिकविलें नाहीं आणि जें मला शिकावयाचें नव्हतें, तें मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोंचलें. आपण एकमेकांचें नकळत जें अनुकरण करतों, तोच आजच्या पाठाचा विषय आहे.

हें अनुकरण बुद्धिपुरस्सर केलेल्या नकलेहून निराळें आहे. एखादा पोरगा मास्तरांची नक्कल करून सोबत्यांना हंसवितो, तेव्हां आपण काय करीत आहों हें त्याला ठाऊक असतें. येथें तसें नाहीं. डोंबारी दोरीवर चालूं लागला म्हणजे त्याच्याकडे न पाहतां खालच्या बघ्यांकडे एकदां पाहा. तो डावीकडे कलला कीं त्यांचे खांदेही कलतात. कुस्तीच्या फडांत पैलवान पेंच सोडवूं लागला म्हणजे कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांचे दंड व माना आपोआप पिळवटतात. स्कॉटलंडांतील ग्लासगो येथील प्राध्यापक ॲडम स्मिथ यानें १७५९ सालीं मनुष्याच्या नैतिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत दोरीवरील खेळ पाहणाऱ्या गर्दीविषयीं हेंच निरीक्षण आहे. पुढें १८५२ सालीं विल्यम कार्पेंटर नांवाच्या इंग्रज वैद्यानें असें मत मांडिलें कीं, एखाद्या हालचालीची नुसती कल्पना मनांत आली तरी इच्छेची वाट न पाहतां शरीर त्या हालचालीकडे वळूं लागतें. अमेरिकेंतील विल्यम जेम्स यानें १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत हा विचार विस्तारानें सांगितला. पाहणें आणि करणें यांच्यामधली भिंत आपण समजतों तितकी जाड नाहीं, असा त्याचा अर्थ. जांभईचें उदाहरण देण्याची गरज नाहीं. लांबलेल्या उपदेशांत तें प्रत्येक मंडळीला दिसतेंच. मात्र चार-पांच वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाहीं. म्हणून उपासनेंत अगदीं लहान मूल जांभई देऊं लागलें, तर तें स्वतःच्याच हिशेबानें कंटाळलें आहे असें उपदेशकानें समजावें.

ह्या गोष्टीची पद्धतशीर परीक्षा न्यूयॉर्क विद्यापीठांतील तान्या चार्ट्रंड व जॉन बार्ग या दोघांनीं घेतली व ती १९९९ सालीं प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याला एका अनोळखी माणसाजवळ बसवून दोघांना कांहीं चित्रांचें वर्णन आळीपाळीनें करावयास सांगितलें. तो अनोळखी माणूस वस्तुतः परीक्षकांचाच होता. एक जण बोलतां बोलतां आपला चेहरा चोळीत असे, दुसरा पाय हलवीत असे. चित्रफितींत असें दिसून आलें कीं, चेहरा चोळणाऱ्याजवळ बसला असतां विद्यार्थी आपला चेहरा अधिक वेळां चोळी, आणि पाय हलविणाऱ्याजवळ बसला असतां आपला पाय अधिक वेळां हलवी. नंतर विचारिलें तेव्हां जवळजवळ कोणालाही ह्याची जाणीव नव्हती. दुसऱ्या परीक्षेंत क्रम उलटा केला. परीक्षकांचा माणूसच विद्यार्थ्याच्या बसण्याचें व हातवाऱ्यांचें हलकेंच अनुकरण करी. ज्यांचें असें अनुकरण झालें त्यांना तो माणूस अधिक आवडला आणि संभाषण अधिक सुरळीत झालें असें वाटलें.

त्या विद्वानांनीं ह्या प्रकाराला रंग बदलणाऱ्या सरड्याचें नांव दिलें आहे. आमच्या भाषेंत सरडा म्हणजे ढोंगी मनुष्य. परंतु येथें तो अर्थ घेऊं नये. कारण त्यांच्या तिसऱ्या परीक्षेंत असें आढळलें कीं, जो स्वतःस दुसऱ्याच्या जागीं ठेवून पाहतो तोच अधिक अनुकरण करतो. म्हणजे ही केवळ दुबळ्या मनाची खूण नव्हे. कोमल अंतःकरणाच्या माणसाला हा रंग लवकर चढतो. हें वाक्य ध्यानांत ठेवावें. अंत्युखियास पोहोंचल्यावर आपणांस तें पुन्हां लागेल.

येथें एक सावधगिरीची सूचना. इटलींतील पार्मा येथील संशोधकांना माकडांच्या मेंदूंत अशा पेशी आढळल्या कीं ज्या स्वतः खाऊ उचलतांना आणि दुसऱ्याला तो उचलतांना पाहतांना, अशा दोन्ही वेळां उत्तेजित होतात. १९९२ सालीं हें प्रसिद्ध झालें, आणि त्यावरून मनुष्याच्या सहानुभूतीचें सर्व रहस्य उलगडलें असें पुष्कळांनीं लिहिलें. तें लिहिणें घाईचें होतें. मेंदूंतील पेशी सांपडली म्हणजे मनुष्य सांपडला असें होत नाहीं. उपदेशकांनीं अशा गोष्टी व्यासपीठावरून सांगतांना जपावें. दहा वर्षांनीं तें मत बदललें तर ऐकणारा शास्त्रवचनावरही संशय घेतो.

मुलांचें काय? १९७७ सालीं अमेरिकेंतील मेल्टझॉफ व मूर यांनीं असें लिहिलें कीं, अवघें दोन-तीन आठवड्यांचें मूल मोठ्या माणसानें जीभ बाहेर काढलेली पाहून आपलीही जीभ बाहेर काढतें. पुढें २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांत १०६ बालकांची परीक्षा झाली, तेव्हां तसें अनुकरण आढळलें नाहीं. म्हणून तो प्रश्न अजून वादाचा आहे. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाविषयीं वाद नाहीं. व्हिक्टोरिया हॉर्नर व अँड्र्यू व्हाइटन यांची २००५ सालची परीक्षा मला फार बोधप्रद वाटते. एक पेटी घेतली. तिच्या वरच्या भोकांत काठी खुपसावयाची, मग पुढचें दार उघडून बक्षीस काढावयाचें. वरच्या भोकांतील काठीनें कांहींच होत नसे. पेटी काळी असतां चिंपांझी वानर व लहान मुलें या दोघांनींही दाखविलें तसें सर्व केलें. मग तीच पेटी पारदर्शक करून दाखविली. आंत काठी व्यर्थ फिरते हें दिसूं लागतांच वानरांनीं ती कृति सोडून दिली आणि सरळ दार उघडलें. मुलें मात्र, पेटी पारदर्शक असूनही, काठी खुपसतच राहिलीं.

वानर शहाणें ठरलें, असें म्हणून हंसूं नका. अशा आंधळ्या विश्वासानेंच मनुष्याचें मूल भाषा शिकतें, विळ्याला धार लावावयास शिकतें. भाकरी थापणें आमच्या बहिणी कोणत्या पुस्तकांतून शिकल्या? आईच्या हाताकडे पाहून हात वळला. परंतु त्याच हातानें आई सुनेला कसें ढकलते तेंही तें मूल पाहतें, आणि यांतलें कोणतें घ्यावें व कोणतें टाकावें हें निवडणारी चाळण त्याच्यापाशीं नाहीं. मंडळीही कांहीं काळ अशीच लहान मूल असते. मिशनरी साहेब थांबून थांबून मराठी बोलत, कारण त्यांना शब्द शोधावे लागत. आणि कांहीं उपदेशक, ज्यांची मराठी अस्खलित होती, तेही प्रार्थनेंत तसेच थांबून थांबून बोलूं लागले, असें मीं जुन्या लोकांच्या तोंडून ऐकलें आहे. वरच्या भोकांत काठी आम्हींही पुष्कळ फिरविली.

सर्वांत अधिक अनुकरण कोण करतो, ह्याचाही शोध झाला आहे, आणि उपदेशकांनीं हा भाग विशेष मनावर घ्यावा. २००८ सालीं जेसिका लेकिन, चार्ट्रंड व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं जणांना संगणकावरील चेंडूच्या खेळांत घेतलें. थोड्या वेळानें इतर खेळाडूंनीं त्यांच्याकडे चेंडू टाकणेंच बंद केलें. असें वगळलेले लोक नंतर एका नव्या माणसाजवळ बसले, तेव्हां न वगळलेल्यांपेक्षां त्यांनीं त्याच्या पायाच्या हालचालीचें अधिक अनुकरण केलें. हा तर घटकाभराचा खेळ. ज्या कुटुंबानें बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीनें लग्नाचें निमंत्रण बंद केलें, त्याची भूक केवढी असेल? तें कुटुंब मंडळींत येऊन बसतें आणि आमच्याकडे पाहूं लागतें. आम्ही वर्गांत जें शिकवितों तें तें ऐकतेंच. पण आम्ही दाराशीं चपला काढून कोणाशेजारीं बसतों, उशिरां आलेल्या विधवेला जागा कोण देतो, वर्गणीच्या थाळींत पैसे टाकतांना कोणाचा चेहरा कसा होतो, हें तें आधीं शिकतें.

रागाविषयीं थोडें. कोपिष्टाशीं मैत्री करूं नये, नाहीं तर त्याच्या चाली शिकून मनुष्य स्वतःच पाशांत सांपडतो, असा इशारा नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. आमची म्हणही तेंच सांगते: ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला. एलेन हॅटफील्ड आदि मानसशास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या वर्षांत असें मांडिलें कीं, आपण दुसऱ्याचा चेहरा व आवाज नकळत उचलतों, आणि मग उचललेला चेहरा आपल्याच मनाला तो भाव कळवितो. हा दुसरा भाग किती बलवान आहे याविषयीं मतभेद होता. २०२२ सालीं १९ देशांतील लोकांवर एकत्र केलेल्या परीक्षेंत परिणाम आढळला, पण तो लहान. लहान असला तरी रोजचा असतो. ज्या घरांत संध्याकाळीं बाप कपाळाला आंठ्या घालून येतो, तेथें चुलीपाशीं बसलेल्या सर्वांच्या कपाळीं त्या आंठ्या उमटतात, आणि मग कोणीतरी भांडें आपटतें.

ह्याच कारणास्तव पंचमंडळीला एक सूचना. दुःखी माणसाच्या घरीं गेल्यावर आपला आवाज त्याच्या आवाजाबरोबर खालीं येतो, तो येऊं द्यावा. रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा आपणांस आहे. परंतु तंटा ऐकतांना तसें करूं नये. नेदरलँड्समधील संशोधकांना २००९ सालीं असें आढळलें कीं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याचें अनुकरण करणाऱ्यांपेक्षां तें न करणाऱ्यांना त्याचें खोटें बोलणें अधिक चांगलें ओळखतां आलें. बांधाच्या भांडणांत जो आधीं येऊन सांगतो त्याच्याबरोबर पंच मान डोलवूं लागतात, आणि दुसरा येण्यापूर्वींच निकाल मानेंत ठरून जातो. मी स्वतः ह्यांत दोन वेळां फसलों आहें.

आतां अंत्युखिया. आजच्या तुर्कस्थानांतील अंताक्या तें हेंच शहर. शिष्यांना ख्रिस्ती हें नांव प्रथम येथें मिळालें (प्रे. कृ. ११:२६). येथें यहूदी व परराष्ट्रीय विश्वासणारे एका पंक्तीला बसत, आणि पेत्रही बसे. मग यरुशलेमाहून याकोबाकडचे कांहीं जण आले. पेत्रानें सभा बोलावून आपलें मत बदललें असें पौल लिहीत नाहीं. मूळ ग्रीकांत बाराव्या वचनांतील क्रियापदें अपूर्ण भूतकाळाचीं आहेत. म्हणजे पेत्र एकाएकीं उठून गेला नाहीं, तो हळूहळू मागें सरूं लागला, वेगळा राहूं लागला. आज उशिरां आला, उद्यां भूक नाहीं म्हणाला, परवां दुसरीकडे जेवला, असें आपण मनाशीं चित्र काढूं शकतों. त्यानें कोणास "माझ्यासारखें करा" असें सांगितल्याचें कोठेंही लिहिलें नाहीं. तरी इतर यहूदी त्याच्यामागें गेले, आणि शेवटीं बर्णबादेखील.

बर्णबा कोण? यरुशलेमाच्या मंडळीनें ह्या परराष्ट्रीयांना पाहावयास पाठविलेला पहिला मनुष्य तोच. त्यांच्यावरची देवाची कृपा पाहून त्याला हर्ष झाला. तार्सासास जाऊन पौलाला शोधून आणणाराही तोच, आणि त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं धीर देणारा असा आहे. मंडळींत त्याच्याएवढा मऊ मनाचा माणूस दुसरा दिसत नाहीं. तोच वाहून गेला. पौलानें त्याच्यासाठीं योजलेलें क्रियापद कर्मणि आहे: तो "गेला" असें नव्हे, तर इतरांबरोबर "नेला गेला". पौलाला पेत्राचा राग दिसतो, परंतु बर्णबाच्या नांवापुढचा "देखील" हा शब्द मला रागापेक्षां दुःखाचा वाटतो. आणि पौल एकांतांत न बोलतां सर्वांसमक्ष बोलला. जो कित्ता सर्वांसमक्ष घातला गेला होता, तो खोलींत बसून पुसतां येत नव्हता. पेत्रानेंच पुढें आपल्या पहिल्या पत्रांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयीं लिहितांना जो शब्द योजिला, त्याचा मूळ अर्थ मुलांना गिरविण्यासाठीं काढून दिलेलीं अक्षरें असा आहे. आपल्या मराठी शास्त्रांत तेथें "कित्ता" हाच शब्द आहे. अंत्युखियाच्या पंगतीचें स्मरण त्याला तेव्हां झालें असेल कीं नाहीं, कोण सांगेल?

हा पाठ मला दुसऱ्यांना सांगणें सोपें नाहीं, त्याचें कारण आतां लिहितों. आमच्या विभागांतील एका मंडळींत दोन निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें आहेत. कापणीच्या सणाला उपासनेनंतर सर्वांचें प्रीतिभोजन होतें. मी तेथें आलों त्या वर्षीं मंडळींतील एक वृद्ध वडील, ज्यांना सर्व जण आबा म्हणतात, पाण्याचा तांब्या घेऊन वाढावयास उभे राहिले. बाहेरगांवचे त्यांचे नातलग सणाला आले होते, आणि ते अजून जात सोडावयास तयार नव्हते. आबा प्रामाणिक व प्रार्थनाशील मनुष्य आहेत. आपण पंगत टाळीत आहों असें त्यांच्या मनांत आलें असेल असें मला वाटत नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांच्या वाड्यांतले आणखी दोघे वाढावयास राहिले. तिसऱ्या वर्षीं मीं पाहिलें तों मुलांच्या दोन पंगती बसलेल्या. कोणीं बसविल्या नव्हत्या. मीं एका सहा वर्षांच्या मुलीला विचारलें, "बाळ, तूं इथें कां बसलीस?" ती म्हणाली, "आम्ही इथंच बसतो."

आणि त्या तिन्ही वर्षीं मी कोठें होतों? हातांत भाताचें पातेलें घेऊन आबांच्या शेजारीं. पाळकानें सर्वांची सेवा करून शेवटीं जेवावें, हें मला फार शोभून दिसे. तिन्ही वर्षीं मी वाढणाऱ्यांबरोबर, म्हणजे एकाच वाड्याच्या लोकांबरोबर, जेवलों; आणि हें त्या मुलीच्या उत्तरापर्यंत माझ्या ध्यानांतही आलें नव्हतें.

ज्या मंडळ्यांत पुढच्या महिन्यांत प्रीतिभोजन व्हावयाचें आहे, तेथील उपदेशकांनीं हा पाठ त्यापूर्वींच्या रविवारीं घ्यावा. आधीं कांहीं सांगूं नये. मुलांना, आणि मग मोठ्यांना, एवढेंच विचारावें कीं आपण नेहमीं कोठें बसतां व कोणाशेजारीं, आणि उत्तरें लिहून घ्यावीं. स्वतःचें उत्तर पहिल्यानें लिहावें.

सर्वांसमक्ष बोलण्याचें पौलाचें धैर्य मला झालें नाहीं. यंदा मी पहिल्याच पंगतींत, दुसऱ्या वाड्याच्या लोकांमध्यें जाऊन बसलों. आबा तांब्या घेऊन आले आणि थांबले. "पाळकसाहेब, तुम्ही आधींच बसलां?" मीं थोडें सरकून जागा केली व म्हटलें, "आबा, तुम्हीही बसा. पोरें वाढतील." त्यांनीं दाराकडे पाहिलें. पाहुणे अजून आले नव्हते. तांब्या खालीं ठेवून ते बसले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा लहान नातूही आमच्या दोघांच्या मध्यें शिरला. पाहुण्यांची गाडी अंगणांत आली तेव्हां आबा अर्ध्या जेवणावरून उठले. पाणी कमी पडत आहे, म्हणाले. नातू उठला नाहीं. त्याला अजून भात वाढावयाचा होता.